घरपट्टीच्या बिलातला हा आकडा आला कुठून?

एप्रिल उलटला की घरोघरी मालमत्ता कराची बिले येऊन पडतात आणि वाचकांचे तेच ते प्रश्न पुन्हा सुरू होतात. "पाण्याला मीटर आहे, त्याचे बिल वेगळे भरतो, मग हा पाणीपुरवठा लाभ कर कशाचा?" "आमच्या गल्लीत ड्रेनेज लाइनच नाही, तरी मलनिःसारण लाभ कर लावलाय." "घर तेवढेच आहे, माणसे तेवढीच आहेत, मग रक्कम एवढी वाढली कशी?" खिडकीवर विचारायला जावे तर "सिस्टिममध्ये तसंच दाखवतंय" एवढे ऐकून परत यावे लागते. पैसे भरायला कोणाची ना नसते. कशाचे भरतोय ते कोणी सांगत नाही, याचा मनस्ताप जास्त असतो.

हा मनस्ताप मी स्वतः भोगलेला आहे. आईच्या घराचे बिल एका वर्षी जवळपास दुप्पट आले. तीन हेलपाटे झाले, तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली. चौथ्या खेपेला मी रकमेवर वाद घालायचे सोडले आणि आकारणीचा उतारा मागितला. त्यात पुढच्या खोलीपुढे "वापर: बिगरनिवासी" अशी नोंद होती. त्या खोलीत पूर्वी एक शिंपी भाड्याने राहत होते. ते गेले, दरवाजावरची त्यांची पाटी मात्र आम्ही काढली नव्हती. पाहणीला आलेल्याने पाटी बघून नोंद केली होती. आम्ही वाद घालत होतो एकूण रकमेवर आणि चूक होती एका शब्दात.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगते: एकूण रकमेशी भांडू नका. बिलातल्या प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा. हे कशावर आकारले? कोणत्या दराने? कोणत्या काळासाठी? आणि तिन्ही प्रश्न लेखी विचारा.

आधी पाहा: तुमच्या घराला कोणता कायदा लागू आहे?

- मुंबई सोडून इतर महापालिका (पुणे, नाशिक, ठाणे, छत्रपती संभाजीनगर वगैरे): महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९. कर आकारणीचे नियम या कायद्याच्या अनुसूची 'ड'मध्ये आहेत.
- बृहन्मुंबई: १८८८ चा मुंबईचा स्वतंत्र कायदा. इथे २०१० पासून आकारणी भांडवली मूल्यावर होते.
- नगरपरिषद, नगरपंचायत: १९६५ चा अधिनियम. आकारणीची फेरतपासणी दर चार वर्षांनी होते, म्हणून तिला 'चतुर्वार्षिक' म्हणतात.
- ग्रामपंचायत: १९५८ चा अधिनियम. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि पाणीपट्टी हे मुख्य कर.

पुढचे मार्गदर्शन मुख्यतः १९४९ च्या कायद्याखालच्या महापालिकांसाठी आहे. प्रश्न विचारायची रीत मात्र सगळीकडे तीच चालते.

बिलातल्या ओळी म्हणजे काय?

नावे शहरागणिक थोडी बदलतात. साधारण अर्थ असे:

- सामान्य कर: महापालिकेचा मूळ कर. लवकर भरणाऱ्यांना मिळणारी सवलत बहुधा याच ओळीवर असते, संपूर्ण बिलावर नसते. "दहा टक्के सवलत म्हणाले आणि कमी तर एवढेच झाले" या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा हेच असते.
- पाणीपट्टी (पाणी कर): प्रत्यक्ष पाणीपुरवठ्यासाठीचा कर.
- पाणीपुरवठा लाभ कर: पाणी योजनेच्या भांडवली कामांसाठी आणि ती सुविधा राखण्यासाठीचा कर. तुमच्या नळाला किती पाणी आले, याच्याशी त्याचा संबंध नाही.
- मलनिःसारण कर आणि मलनिःसारण लाभ कर: वरच्यासारखीच जोडी, सांडपाण्यासाठी.
- पथकर, अग्निशमन कर, वृक्षकर: वृक्षकराचा आधार १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा.
- राज्य शिक्षण कर आणि रोजगार हमी कर: हे राज्य सरकारचे. आधार १९६२ चा कायदा. महापालिका फक्त वसूल करून सरकारला देते. रोजगार हमी कर बिगरनिवासी वापरावर लागतो. तुम्ही घरात राहत असाल आणि बिलात ही ओळ दिसली, तर 'वापर' ही नोंद लगेच तपासा.
- मोठ्या निवासी जागांवरील कर: हाही राज्याचा. ठरावीक क्षेत्रफळाच्या वरच्या निवासी जागांना लागतो.
- कचरा उपभोक्ता शुल्क: २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्थानिक संस्थांना असे शुल्क ठरवून घ्यायला सांगितले. शहरागणिक त्यासाठी उपविधी झाले.
- शास्ती: थकबाकीवर दरमहा २ टक्के. १०,००० रुपये वर्षभर थकले तर २,४०० रुपये केवळ शास्तीचे.
- अवैध बांधकाम शास्ती: परवानगीविना केलेल्या बांधकामावर कलम २६७-अ खाली, मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत. बिल एकदम तिप्पट दिसले तर आधी ही ओळ शोधा.

"दोनदा पाणीपट्टी" खरोखर कधी होते?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सविस्तर सांगते.

- मीटरचे बिल आणि पाणीपुरवठा लाभ कर, दोन्ही येत असतील तर ती दुहेरी आकारणी नाही. एक पाण्याचे, दुसरे योजनेचे.
- मीटरचे बिल आणि करपात्र मूल्यावर (ते कसे ठरते, ते पुढे पाहू) टक्केवारीने लावलेली पाणीपट्टी, दोन्ही येत असतील तर मात्र थांबा. मीटरने मोजून आकारणी होते ती पाणीपट्टीच्या *ऐवजी* व्हायची असते. इथे हरकत घ्यायला सबळ कारण आहे.
- गल्लीत ड्रेनेज लाइन नाही आणि लाभ कर लावला आहे, एवढ्यावरून तो कर आपोआप रद्द होत नाही. पण मलनिःसारण कर लावला असेल तर "जोडणी कधी दिली? जोडणी क्रमांक काय?" असे जरूर विचारा.
- मुंबईत मीटरच्या बिलातच पाण्याच्या आकाराच्या ७० टक्के मलनिःसारण आकार असतो. ती ओळ वेगळी वाचा.

करांच्या नावांमुळे किती घोळ होतो, याचे उदाहरणही मुंबईचेच आहे. २०१९ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी जाहीर झाली. प्रत्यक्षात त्या वेळी माफ झाला तो फक्त सामान्य कर. बाकीच्या ओळी तशाच राहिल्या आणि करमाफीची बातमी वाचलेल्या लोकांच्या हातात पुन्हा बिल पडले. संपूर्ण मालमत्ता कर माफ झाला तो १ जानेवारी २०२२ पासून. म्हणून 'करमाफी' वाचलीत की पहिला प्रश्न हाच विचारा: कोणत्या कराची?

आकडा तयार होतो कसा?

बहुतेक महापालिकांत अजून भाडेमूल्यावर आकारणी होते. पायऱ्या तीनच:

1. क्षेत्रफळ × दर चौरस फूट मासिक भाडेदर × १२ = वार्षिक भाडेमूल्य.
2. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा = करपात्र मूल्य.
3. करपात्र मूल्य × प्रत्येक कराची टक्केवारी = बिलातली एकेक ओळ.

समजा, तुमचे घर ६५० चौरस फुटांचे आहे आणि भाडेदर ३ रुपये. वार्षिक भाडेमूल्य २३,४००, करपात्र मूल्य २१,०६०. आता नोंदीत ६५० ऐवजी ८५० पडले तर भाडेमूल्य ३०,६०० आणि करपात्र मूल्य २७,५४० होते. सगळ्या करांची टक्केवारी मिळून ५० धरली, तर केवळ त्या एका आकड्यापायी वर्षाला ३,२४० रुपये जास्त जातात आणि दरवर्षी जात राहतात.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. महापालिकेच्या करांची टक्केवारी महापालिका ठरावाने ठरवते आणि ती सगळ्या शहराला लागू असते. खिडकीवर वाद घालून ती बदलत नाही. क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचे वर्ष, भोगवटा या नोंदी मात्र फक्त तुमच्या घराच्या असतात. चूक बहुधा तिथेच सापडते आणि दुरुस्तीही तिथेच होते.

बिल हातात घेऊन या गोष्टी तपासा

- क्षेत्रफळ: खरेदीखत किंवा मंजूर नकाशातल्या क्षेत्रफळाशी जुळते का? चटई, बांधीव की सुपर बिल्टअप, कोणते धरले आहे? चौरस मीटर आणि चौरस फूट यांत गल्लत आहे का? (१ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट.)
- वापर: घराच्या एखाद्या खोलीला बिगरनिवासी दर लागला आहे का? जुनी पाटी, बंद झालेला क्लास, उठून गेलेले दुकान आठवून पाहा.
- भोगवटा: तुम्ही स्वतः राहता आणि नोंद 'भाडेकरू' आहे का? बहुतेक ठिकाणी भाड्याच्या जागेची आकारणी जास्त असते.
- सवलत गळली आहे का: पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकांना असलेली ४० टक्के सवलत मध्यंतरी बंद झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली. ज्यांची गळली होती त्यांना पीटी-३ हा अर्ज पुराव्यासह भरावा लागला. सवलत जाहीर झाली म्हणजे खात्यावर चढली, असे धरून चालू नका.
- थकबाकी: मागच्या तीन-चार वर्षांच्या पावत्या समोर ठेवून जुळवा. भरलेली रक्कम दुसऱ्याच खात्यावर जमा झालेली असू शकते.
- काळ: मागील वर्षांपासूनचा कर एकदम लावला असेल तर तो किती वर्षे मागे जाऊन आणि कोणत्या तरतुदीखाली लावला, हे लेखी विचारा.
- दुहेरी नोंद: एकाच घराला दोन मालमत्ता क्रमांक पडले आहेत का? वाटण्या झालेल्या घरांत आणि पुनर्विकास झालेल्या इमारतींत हे खास तपासा.

माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा, सौरऊर्जा किंवा पावसाचे पाणी साठवण्याची सोय असलेली घरे, ठरावीक काळ रिकामी राहिलेली घरे यांना ठिकठिकाणी सूट असते. अर्ज केल्याशिवाय यातले काहीच मिळत नाही. रिकाम्या घराची सूचना तर घर रिकामे होताच लेखी द्यावी लागते. वर्ष संपल्यावर दिलेल्या सूचनेचा उपयोग होत नाही.

चूक दिसली, आता काय करायचे?

पायरी १: आकारणीचा उतारा मागा. तुमच्या प्रभाग कार्यालयातल्या कर आकारणी विभागात मालमत्ता क्रमांक देऊन अर्ज करा. बिलात फक्त रकमा असतात. त्यांच्यामागच्या नोंदी उताऱ्यात असतात. ग्रामपंचायतीत हेच काम 'नमुना ८' चा उतारा करतो.

पायरी २: लेखी अर्ज द्या. भाषा साधी ठेवा, आरोप नको. हा मसुदा वापरा:

> विषय: मालमत्ता क्र. …… च्या सन …… च्या देयकाचा तपशील मिळणे व दुरुस्ती होणेबाबत.
> महोदय, वरील देयकात …… या शीर्षाखाली रु. …… आकारले आहेत. ही रक्कम कोणत्या करपात्र मूल्यावर, कोणत्या दराने व कोणत्या कालावधीसाठी आकारली, तसेच तो दर ठरवणाऱ्या ठरावाचा क्रमांक व दिनांक कृपया लेखी कळवावा. माझ्या मालमत्तेचे क्षेत्रफळ/वापर …… असून नोंद …… अशी आहे. पुराव्यासाठी …… जोडले आहे. स्थळपाहणी करून नोंद दुरुस्त करावी. देय रक्कम माझी हरकत कायम ठेवून भरत आहे.

दोन प्रती करा. एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. त्या शिक्क्याशिवाय तुमच्या सगळ्या हेलपाट्यांचा पुरावा शून्य.

पायरी ३: हरकतीची मुदत पाळा. आकारणी नव्याने झाली किंवा वाढली तर मालकाला विशेष नोटीस द्यावी लागते. नोटिशीत हरकतीची मुदत छापलेली असते. मुदतीत लेखी हरकत घेतलीत तर तुम्हाला सुनावणीचा हक्क मिळतो. सुनावणीला मंजूर नकाशा, वीजबिल, खरेदीखत आणि घराचे फोटो घेऊन जा. निर्णय लेखी मागा. नोटीस मिळालीच नसेल तर ती कोणाला, कधी बजावली याची पोच दाखवायला सांगा.

पायरी ४: उत्तर नाही आले तर दोन रस्ते.

- लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५: आकारणीचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, हस्तांतरणाची नोंद, पुनर्आकारणी अशा सेवा ठरलेल्या दिवसांत देणे बंधनकारक आहे. त्या दिल्या नाहीत तर ३० दिवसांत पहिले अपील करा. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवरूनही करता येतो.
- माहिती अधिकार: १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत असावा लागतो. "कर का वाढवला?" असे विचारू नका, त्याचे उत्तर टाळता येते. कागद मागा: आकारणी नोंदवहीतील माझ्या मालमत्तेचे पान, स्थळपाहणीचा अहवाल, दर ठरवणारा ठराव, विशेष नोटीस बजावल्याची पोच.

पायरी ५: न्यायालयात अपील. १९४९ च्या कायद्याच्या कलम ४०६ खाली आकारणीविरुद्ध न्यायाधीशांकडे दाद मागता येते. मुदत फक्त १५ दिवसांची आहे. आधी आयुक्तांकडे हरकत घेऊन तिचा निकाल लागलेला असावा लागतो आणि वादातली रक्कम भरलेली असावी लागते. म्हणून पायरी ३ वगळून थेट इथे येता येत नाही. मुंबईत असे अपील लघुवाद न्यायालयात जाते. इथवर आलात तर वकिलाचा सल्ला घ्या.

पैसे भरायचे की अडवून ठेवायचे?

रागाच्या भरात बरेच जण "आधी बिल दुरुस्त करा, मग भरतो" म्हणून थांबतात. तसे करू नका. कर दोन सहामाही हप्त्यांत देय असतो. मुदत टळली की दरमहा २ टक्के शास्ती सुरू होते आणि तुमचा अर्ज पडून आहे म्हणून ती थांबत नाही. कराचा बोजा मालमत्तेवर चढतो. पुढे जप्तीपर्यंतही प्रकरण जाऊ शकते.

- शहाणपणाचा मार्ग: हरकत कायम ठेवत असल्याचे लेखी देऊन रक्कम भरा. दुरुस्ती झाली की जादा रक्कम पुढच्या बिलात वळती करून मागा.
- रक्कम आवाक्याबाहेरची असेल तर: निदान मागच्या वर्षीइतकी, वाद नसलेली रक्कम भरून पोच घ्या. वरच्या रकमेवर शास्ती लागू शकते, हे समजून मगच हा निर्णय घ्या.
- 'अभय योजने'ची वाट पाहू नका: शास्तीत सूट देणाऱ्या योजना अधूनमधून येतात. पण ती सूट शास्तीवर असते, चुकीची आकारणी तिने बरोबर होत नाही.

घर घेताना, विकताना आणि बाहेरगावी राहताना

- विकत घेताना: थकबाकी घराबरोबर येते. खरेदीखताआधी थकबाकी नसल्याचा दाखला मागा, नुसत्या शेवटच्या पावतीवर विसंबू नका.
- विकल्यावर: हस्तांतरण तीन महिन्यांत महापालिकेला कळवा. न कळवल्यास कराची जबाबदारी जुन्या मालकावर राहू शकते.
- वारसाने घर आले असेल: वडिलांच्या नावाने बिल भरत राहू नका. नाव न बदलल्याने हरकतीच्या वेळी "तुम्ही कोण?" या प्रश्नापासून सुरुवात करावी लागते.
- सोसायटीत: बिल संपूर्ण इमारतीचे एकच येत असेल तर सचिवांकडे त्याची प्रत आणि वाटणीचा हिशेब मागा. चूक महापालिकेच्या बिलात आहे की सोसायटीच्या वाटणीत, हे त्याशिवाय कळत नाही.
- परगावी किंवा परदेशी असाल तर: खात्याला चालू मोबाइल क्रमांक आणि ई-मेल जोडा. बंद घराच्या दाराला चिकटवलेली नोटीस तुमच्यापर्यंत पोहोचत नाही, मुदत मात्र तिथून मोजायला सुरुवात होते.

शेवटी

आईच्या घराची नोंद दुरुस्त व्हायला पाच महिने लागले. आम्ही पाटी काढली, रिकाम्या खोलीचे फोटो जोडले, पाहणी करून घेतली. जादा भरलेली रक्कम पुढच्या बिलात वळती झाली. त्या पाच महिन्यांत आवाज एकदाही चढवावा लागला नाही. फाइलमध्ये शिक्का असलेले चार कागद होते, तेवढे पुरले.

कर भरणे हे आपले कर्तव्यच आहे. त्याच पैशांतून रात्री गल्लीत दिवा लागतो आणि सकाळी कचऱ्याची गाडी येते. पण जो भरतो त्याला आकडा समजावून सांगणे हेही महापालिकेचे कर्तव्य आहे आणि ते मागताना संकोच करायचे काही कारण नाही. आज संध्याकाळी दहा मिनिटे काढा. यंदाचे बिल आणि खरेदीखत शेजारी-शेजारी ठेवा. 'क्षेत्रफळ' आणि 'वापर' या दोन नोंदी बोट ठेवून वाचा. जुळल्या तर निश्चिंत मनाने भरा. नाही जुळल्या, तर वरचा मसुदा आजच उतरवून काढा.